ओट्यावर मावणारी नऊ कोटी नावं

ठाण्यातल्या कोलशेतला आधी सँडोजचा आणि मग क्लॅरियंटचा रसायन कारखाना होता. आज त्याच कोलशेत रोडने जाताना मान मागे टाकून मजले मोजावे लागतात. मजले वाढले की माणसं वाढतात आणि माणसं वाढली की मतदार यादी फुगते. कोलशेत ज्यात येतं तो १४६ क्रमांकाचा ओवळा-माजिवडा मतदारसंघ २००९ साली पहिल्यांदा मतदानाला उभा राहिला. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपर्यंत त्याची यादी पाच लाख नावांच्या पुढे गेली होती. अख्ख्या महाराष्ट्राची यादी तेव्हा होती ९ कोटी ७० लाखांची!

आता गंमत बघा. निवडणूक जवळ आली की आपण फोनवर ओळखपत्राचा क्रमांक टाकतो. तीन अक्षरं, सात आकडे. पापणी लवते न लवते तोच नाव, यादीचा भाग, अनुक्रमांक आणि मतदान केंद्र समोर हजर. आणि एवढीच यादी एखाद्या हुशार मुलीने लॅपटॉपवर घेतली, चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि फर्मावलं, ‘सगळी नावं आडनावानुसार लाव’, तर? पंखा घुरघुरायला लागतो, माउसचा बाण जागच्या जागी थिजतो आणि शेवटी पडद्यावर उमटतं: ‘आउट ऑफ मेमरी’. एक यंत्र यादी क्षणात उलगडतं, दुसरं तिच्याखाली चेंगरतं. पहिलं यंत्र दांडगं असणार, असं वाटतं ना? पण तुमच्या लॅपटॉपलाही ही यादी पेलता येते. कशी, तेच तर बघायचंय.

आधी यादीचं वजन करू. ‘कोलशेत’ हा एकच शब्द घ्या. रोमन लिपीत त्याला सात अक्षरं लागतात, म्हणजे सात बाइट. देवनागरीत क, ओची मात्रा, ल, श, एची मात्रा, त अशी सहाच चिन्हं. पण आज सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या दर चिन्हाला तीन बाइट द्यावे लागतात. म्हणजे अठरा! एवढ्याशा मात्रेलासुद्धा तीन. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, ओळखपत्र क्रमांक, केंद्राचा पत्ता असं सगळं मिळून एका नोंदीचे ५०० बाइट धरू. ९ कोटी ७० लाखांना गुणलं की झाले साडेअठ्ठेचाळीस जीबी. साध्या लॅपटॉपची मेमरी असते ८ किंवा १६.

बरं, नावं सोडा. नुसते अनुक्रमांक ठेवायचे म्हटले तर? एवढा आकडा चार बाइटमध्ये बसतो, म्हणजे सगळे मिळून ३८८ एमबी. किरकोळ! पण तेच आकडे पायथॉन भाषेतल्या साध्या यादीत भरा. तिथे प्रत्येक आकडा स्वतःची जात आणि त्याला कोण कोण वापरतंय याचा हिशेब अंगावर बाळगतो. त्याचे होतात २८ बाइट. यादीत त्याचा ठावठिकाणा लिहायला आणखी ८. एकूण ३६. म्हणजे साडेतीन जीबी, तब्बल नऊपट! भरीला, यादी भरत आली की प्रोग्राम आणखी मोठी सलग जागा मागतो आणि अनेकदा सगळा सांगाडा तिकडे उतरवून मगच जुनी जागा सोडतो. तेवढ्या क्षणापुरत्या दोन्ही जागा अडलेल्या असतात. ‘एवढ्यात मावायला हवं होतं, मग फुटलं कसं?’ या प्रश्नाचं उत्तर अनेकदा या दोन खाचांमध्ये दडलेलं असतं.

संगणकात माल ठेवायच्या जागा मुख्यतः दोन: स्वयंपाकघरातला ओटा आणि वरचा माळा. ओटा म्हणजे रॅम, माळा म्हणजे डिस्क. चिरणं, मळणं, परतणं सगळं ओट्यावर. माळ्यावर काही शिजत नाही. ओट्यावरचा डबा उचलायला संगणकाला लागतात साधारण १०० नॅनोसेकंद. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरून तोच काढायला सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे लाखपट! ओट्यावरचा डबा एका सेकंदात हाती आला असं धरलं, तर माळ्यावरचा यायला सत्तावीस तासांहून अधिक लागतील. एसएसडीने हे अंतर खूप कमी केलं, तरी ते आजही शेकडो पटींचं आहेच.

ओटा भरला की काय होतं? १९६२ साली मँचेस्टरमध्ये सुरू झालेल्या ॲटलस संगणकाने यावर भन्नाट युक्ती काढली: प्रोग्रामला थाप मारायची! ‘जागा भरपूर आहे’ असं सांगत राहायचं आणि त्याचं लक्ष नसलेला माल गुपचूप माळ्यावर सरकवायचा. आजचा प्रत्येक लॅपटॉप ही थाप मारतो. पण यादी ओट्याच्या कितीतरी पट मोठी झाली की एक डबा खाली आणायला दुसरा वर, तो हवा म्हणून तिसरा वर, असा नुसता शिडीवरचा खेळ सुरू होतो. स्वयंपाक बंद, चढउतार चालू! माउस थिजतो तो इथे. ही पळवाटही संपली की लिनक्समध्ये ‘आउट ऑफ मेमरी किलर’ जागा होतो. कोणी किती जागा अडवली यावरून प्रत्येक प्रोग्रामला गुण देतो आणि सर्वाधिक गुणांच्या प्रोग्रामला संपवतो. डेटाबेसच्या सर्व्हरवर सगळ्यात जागाखाऊ कोण असतं? बहुधा डेटाबेसच. म्हणजे यादी जपायला ठेवलेल्याचाच आधी बळी!

तर मग ते पापणी लवण्याआधीचं उत्तर येतं कुठून?

पहिलं आश्चर्य इथेच आहे. डेटाबेस स्वतः सहसा सगळी यादी एकदम ओट्यावर घेत नाही. तो तिचे ठरावीक मापाचे तुकडे पाडतो. त्यांना ‘पेज’ म्हणतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक पेज ८ केबीचं, मायएसक्यूएलच्या इनोडीबीत १६ केबीचं. हवं तेवढंच पेज खाली येतं आणि बराच वेळ न लागलेलं पेज आपली जागा रिकामी करतं. आणि कोणी अख्खी यादी वाचायला सांगितली तर? तेव्हा बाकीच्यांच्या रोजच्या वापरातली पेजेस ओट्यावरून उडून जाऊ नयेत म्हणून पोस्टग्रेस त्या वाचनाला अवघी २५६ केबी जागा देतो. तेवढ्याच कोपऱ्यात पेजेस गोल गोल फिरत राहतात. साडेअठ्ठेचाळीस जीबीची यादी एका बऱ्या फोटोपेक्षाही कमी जागेतून निघून जाते!

मग लॅपटॉप का मेला? कारण डेटाबेसने जे जपून एकेक पुढे केलं, ते पलीकडच्या प्रोग्रामने साठवत नेलं. डेटाबेसशी बोलणारी अनेक साधनं सांगितलं नाही तर उत्तराच्या सगळ्या ओळी आधी मेमरीत गोळा करतात आणि मगच पहिली ओळ हातात देतात. इलाज एका शब्दाचा: कर्सर. ‘हजार दे. झाल्या. पुढच्या हजार दे.’ नऊ कोटी ओळी ओलांडून जातात, पण ओट्यावर कोणत्याही क्षणी हजारच. फक्त ‘पहिल्या नऊ कोटी सोडून पुढच्या हजार दे’ असं मात्र म्हणू नका. त्या नऊ कोटी सोडण्यासाठी डेटाबेसला त्या ओलांडाव्याच लागतात. ‘अमुक क्रमांकाच्या पुढच्या हजार दे’ म्हणा. तो थेट तिथेच जाईल.

वाचणं सुटलं. पण क्रमाने लावणं? त्यासाठी तर सगळी नावं एकमेकांशी ताडून बघायला हवीत. अख्खी यादी समोर न घेता ती लावता येईल?

येईल, आणि आपल्या देशाने ते संगणकाशिवाय करून दाखवलंय! १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. मतदार सुमारे १७ कोटी ३० लाख. भारतातला पहिला संगणक कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत यायला अजून अवकाश होता. तो आला १९५५ साली. याद्या टाइप करून मतदारसंघवार लावायला सहा महिन्यांच्या करारावर १६,५०० कारकून नेमले गेले. छपाईला ३ लाख ८० हजार रिम कागद लागला. भागाकार करून बघा: माणशी साडेदहा हजार नावं. एवढी नावं एका माणसाच्या आवाक्यातली आहेत. सतरा कोटींची यादी कोणा एकाच्याही टेबलावर कधी आलीच नाही.

याच कामात एक विलक्षण पेच उभा राहिला. सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी यादीत ठेवू दिल्या नाहीत. निर्णय कठोर होता, पण त्यामागचं तर्कशास्त्र आजही डेटाबेस रचताना पाळलं जातं: प्रत्येक ओळीला स्वतःची ओळख हवी. ‘अमक्याची आई’ हजार वेळा आली तर ती लावायची कुठे आणि शोधायची कशी?

आता लावण्याची युक्ती. तिचं मूळ आहे मर्ज सॉर्ट. जॉन फॉन नॉयमन यांनी ती १९४५ साली एडव्हॅक या संगणकासाठी लिहिली, तो संगणक अजून बांधूनही झाला नव्हता तेव्हा! समजा ओटा फक्त एक जीबीचा आहे. एक जीबी नावं खाली आणा, क्रमाने लावा, गठ्ठा बांधून माळ्यावर ठेवा. महाराष्ट्राचे असे एकोणपन्नास गठ्ठे होतील. प्रत्येक गठ्ठा आतून क्रमवार, एकमेकांशी मात्र काही संबंध नाही. मग प्रत्येक गठ्ठ्याचा फक्त वरचा थोडा थर खाली आणा. सगळ्या राज्यातलं पहिलं नाव कुठे असेल? या एकोणपन्नास थरांच्या माथ्यावरच कुठेतरी! दुसरीकडे असूच शकत नाही, कारण प्रत्येक गठ्ठा आधीच लावलेला आहे. ते उचला, बाजूला लिहा, त्याच गठ्ठ्याचं पुढचं नाव माथ्यावर येईल. पुन्हा सर्वांत पहिलं उचला. थर संपला की त्या गठ्ठ्याचा पुढचा थर आणा. बाद फेरीच्या सामन्यांसारखी रचना केली तर दर नावाला सहाच तुलना पुरतात.

आता ओटा तेवढाच ठेवून यादी वाढवू. २०२४ ची लोकसभेची देशभरची यादी सुमारे ९६ कोटी ८८ लाखांची. दर नोंद ५०० बाइट म्हणजे ४८४ जीबी, म्हणजे ४८४ गठ्ठे. दर गठ्ठ्याला दोन एमबीचा थर दिला तरी सगळे एका जीबीत मावतात. म्हणजे एवढ्याशा ओट्यावर अख्ख्या भारताची यादी फक्त दोन फेऱ्यांत क्रमाने लागते! सेकंदाला ५०० एमबी वाचणारी-लिहिणारी एसएसडी असेल, तर सगळ्या ने-आणीला लागेल जेमतेम एक तास. यादी राज्यावरून देशावर गेली, दहापट झाली, आणि दर नावामागच्या तुलना किती झाल्या? सहाच्या नऊ.

हे तुम्हाला स्वतः लिहावंही लागत नाही. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये एका सॉर्टला फक्त ४ एमबी मिळतात. त्यापुढे तो न बोलता गठ्ठे बांधायला लागतो. इथे एक सापळा मात्र आहे. गठ्ठे बांधण्याने काम मंदावतं म्हणून कोणी ४ एमबीचं १ जीबी करतं आणि दुपारी सर्व्हर आडवा! कारण ती मर्यादा अख्ख्या सर्व्हरची नसते, प्रत्येक सॉर्टची असते. एका प्रश्नात तीन सॉर्ट आणि एका वेळी पन्नास माणसं, म्हणजे दीडशे जीबीची परवानगी आपणच सही करून दिलेली.

शोधण्याचं आश्चर्य तर याहून सरस आहे. १९७० साली बोइंग या विमान कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बी-ट्री मांडलं. कल्पना साधी: १६ केबीच्या एका पेजवर साधारण ५०० वाटा लिहायच्या. ‘इथपासून इथपर्यंतचे क्रमांक हवेत तर त्या पेजवर जा.’ त्या पेजवर पुन्हा ५०० वाटा. किती पावलांत आपण कुठे पोचतो? पहिल्या पावलात ५००, दुसऱ्यात अडीच लाख, तिसऱ्यात साडेबारा कोटी. म्हणजे अख्खा महाराष्ट्र तीन पावलांत! चौथं पाऊल टाकलंत तर सव्वासहा हजार कोटी; पृथ्वीची लोकसंख्या त्यात अनेकदा बसेल. शिवाय वरच्या दोन पातळ्यांची पेजेस होतात अवघी ५०१. जेमतेम आठ एमबी. ती कायम ओट्यावरच राहतात. कोलशेतच्या एका मतदाराचा ठिकाणा शोधायला या झाडातून माळ्यावर जावं लागतं ते बहुधा एकदाच.

उलटी अडचण बघा. तुमच्याकडे दोन लाख ओळखपत्र क्रमांकांची यादी आहे आणि मोठ्या यादीत त्यातले कोण कोण आहेत ते बघायचंय. बहुतेक जण दोन लाख क्रमांक एकाच प्रश्नात कोंबतात. पोस्टग्रेसला स्वतंत्र मूल्यं म्हणून एका वेळी ६५,५३५ च देता येतात, कारण ‘किती’ हे सांगायलाच सोळा बिटांची जागा ठेवली आहे. ओरॅकलमध्ये अशा यादीला वर्षानुवर्षे हजारांचीच मर्यादा होती. इलाज? लहान यादीसुद्धा डेटाबेसमध्येच तात्पुरता तक्ता म्हणून भरा. आता दोन्ही क्रमवार लावता येतात आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवून खाली उतरता येतं. जे मागे पडलं ते बोट पुढे सरकवायचं. दुबार नोंदीही अशाच सापडतात. प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येकीशी ताडायची म्हटली तर महाराष्ट्रात ४७ कोटी कोटी जोड्या होतील. सेकंदाला दहा कोटी तपासल्या तरी दीड वर्ष. यादी लावून घेतली की हुबेहूब सारख्या नोंदी आपोआप शेजारी येऊन बसतात. एकदा वरून खाली वाचली की झालं.

आणि नुसतं मोजायचंच असेल तर? महाराष्ट्राच्या यादीत वेगवेगळी आडनावं किती? आधी आलेलं आडनाव पुन्हा मोजलं जाऊ नये, म्हणजे आलेली सगळी लक्षात ठेवायला हवीत. हवीतच ना? नकोत! फ्रेंच गणितज्ञ फिलिप फ्लाजोले आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या हायपरलॉगलॉग पद्धतीत एकही आडनाव साठवलं जात नाही. प्रत्येक आडनाव एका सूत्रातून जातं आणि त्याची शून्य-एकची माळ होते. दिसायला बेतरतीब, पण त्याच आडनावाची दर वेळी तीच. माळेच्या सुरुवातीला ओळीने दहा शून्यं येण्याची शक्यता हजारात एक. मग दहा शून्यं दिसली, तर वेगवेगळी हजारएक आडनावं येऊन गेली असावीत! ‘पाटील’ लाखो वेळा आलं तरी माळ तीच, म्हणून मोजणी ढळत नाही. एकाच माळेचा अंदाज नशिबावर चालेल, म्हणून आडनावं १६,३८४ कप्प्यांत वाटून प्रत्येकात फक्त ‘आजवर जास्तीत जास्त किती शून्यं’ एवढंच टिपतात. रेडिस या डेटाबेसमध्ये हा सगळा पसारा १२ केबीत बसतो आणि नेहमीची चूक असते ०.८१ टक्के. नऊ कोटी नोंदी आल्या-गेल्या, मागे उरले बारा केबी!

शेवटचं नवल सगळ्यांत घरचं आहे. यादी रोज बदलते: कोणी अठरा वर्षांचं झालं, कोणी दुसरीकडून कोलशेतला राहायला आलं, कोणी गेलं. दर बदलाला नऊ कोटींची यादी नव्याने लिहायची? १९९६ साली पॅट्रिक ओनील आणि सहकाऱ्यांनी त्यावर एलएसएम-ट्री मांडलं, आणि कॅसॅंड्रा, रॉक्सडीबी असे आजचे मोठमोठे डेटाबेस त्यावर उभे आहेत. मूळ यादीला हात लावायचा नाही; नवे, वगळलेले आणि दुरुस्त झालेले वेगळ्या छोट्या यादीत टिपायचे, शोधताना आधी ती छोटी बघायची आणि सवडीने दोन्ही एकत्र करायच्या. ओळखीचं वाटतंय? मतदान केंद्रावर मूळ यादीला जोडलेली पुरवणी यादी हेच तर सांगते: इतकी नावं वाढली, इतकी वगळली, इतकी दुरुस्त झाली. २०२४ मध्ये राज्यात १,००,१८६ मतदान केंद्रं होती, म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला सरासरी हजाराहूनही कमी नावं. लहान तुकडे, प्रत्येक ओळीला ओळख, बदल वेगळे. डेटाबेसवाल्यांचे तिन्ही मंत्र निवडणूक कार्यालयाच्या कागदावर आधीपासून छापलेले!

म्हणून पुढच्या वेळी मेमरी संपली की लगेच नवी रॅम मागवू नका. आधी आपला प्रोग्राम एका वेळी किती ओळी धरून बसतो ते पाहा. आणि हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर पोस्टग्रेस फुकट मिळतं. पन्नास लाख खोटी नावं तयार करा, ती क्रमाने मागा आणि प्रश्नाच्या आधी ‘एक्सप्लेन ॲनलाइझ’ लिहा. उत्तरात ‘एक्स्टर्नल मर्ज’ हे शब्द आणि डिस्कवर किती जागा लागली तो आकडा दिसेल. मग तीच चार एमबीची मर्यादा फक्त तुमच्यापुरती वाढवत न्या आणि कोणत्या आकड्याला ते शब्द गायब होतात ते शोधून काढा. यादी ओट्यावर मावायला लागते ती नेमकी तिथे!